गिअरकेसमध्ये पाणी: नुसते सील की शाफ्टही?
नाथसागरावरच्या जुन्या आउटबोर्डच्या (बोटीच्या मागे बाहेर लावलेले इंजिन) गिअरकेसमधले, म्हणजे खालच्या गिअरच्या पेटीतले, ऑइल दुधाळ निघाले की पाणी शिरलेय हे नक्की. आधी गिअरकेसच्या वरच्या आणि खालच्या, ऑइलच्या भोकांवरच्या दोन्ही स्क्रूंचे वॉशर बदला; पुष्कळदा एवढ्यावरच भागते. नाही भागले तर ऑइल काढा, खालचा स्क्रू घट्ट करा, वरच्या भोकातून हातपंपाने १० पीएसआय हवा भरा आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे कुठून येतात ते पाहा.

बुडबुडे पंख्याच्या शाफ्टपाशी (पंखा फिरवणारा दांडा) आले, तर जुने सील (शाफ्टभोवतीची पाणी अडवणारी रबरी कडी) काढून त्या जागी शाफ्टवर नख फिरवा. गुळगुळीत लागले तर सील पुरे. बहुधा जाळ्याचा नायलॉन धागा पंख्यामागे गुंडाळून सील कापलेले असते. नख अडकले म्हणजे खाच पडलीय, तिथे नवे सीलही गळणारच. शाफ्ट महाग, आणि जुन्या मॉडेलचा मिळेलच असे नाही. जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर पुढेमागे बसवा, सीलचा ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी कड, कोऱ्या जागी टेकतो. शाफ्ट हाताने डुलत असेल तर मात्र बेअरिंग गेलेय; त्यावर नुसते सील घालणे म्हणजे पैसे पाण्यात.

ऑइल भरताना नेहमी खालच्या भोकातून, वरून बाहेर येईपर्यंत.