गाडीचं घरगुती काम: कोकणात जुगाड कुठे चालतो आणि हत्यार कुठे विकतच घ्यावं

गावाला घर आहे, दारात दहा-बारा वर्षं जुनी हॅचबॅक आहे, बरं गॅरेज एकदम तालुक्याच्या गावाला आणि तिथला मेकॅनिक गणपतीच्या आधी महिनाभर फोन उचलत नाही. अशा माणसाने हत्यारांवर किती पैसे घालावेत आणि घरात पडलेल्या पाइप-फळी-ट्यूबवर किती भागवावं, एवढाच प्रश्न आहे. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून मोठी टूलकिटची पेटी मागवू नका, कारण तिकडे नट सुटतो आणि आपल्याकडे सुटत नाही, तेवढा एकच फरक आहे पण सगळा खर्च तिथेच फिरतो. खारा वारा आणि चार महिने पाऊस यात रत्नागिरी, गुहागर, मालवणकडच्या गाडीचे खालचे बोल्ट असे धरतात की घाटावरच्या मेकॅनिकला पण नवल वाटतं.

माझा हिशोब साधा आहे. जुगाड फसला तर काय जाणार ते आधी बघायचं. तेल सांडणार असेल तर सांडू दे. गाडी अंगावर येणार असेल, ब्रेक जाणार असेल किंवा एका नटापायी अख्खा हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बदलायला लागणार असेल तर पाकीट उघडायचं.

गाडी उचलणं: चिरा, लाकडाचा ठोकळा की जॅक स्टँड

गाडीबरोबर येतो तो कात्री जॅक फक्त स्टेपनी बदलायला, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात पण घालू नका, मग त्याला आधार म्हणून काय लावायचं? कोकणात प्रत्येकाच्या मागीलदारी जांभ्या दगडाचे चार चिरे पडलेले असतात आणि तेच गाडीखाली सारले जातात. मी हे सगळीकडे बघतो आणि दर वेळी पोटात गोळा येतो. जांभा भिंतीत टिकतो कारण तिथे वजन सगळ्या चिऱ्यावर सारखं पसरलेलं असतं, गाडीची जॅक लावायची पट्टी म्हणजे बोटभर रुंदीची कड, अख्ख्या कोपऱ्याचं वजन त्या कडेवर येतं आणि सच्छिद्र चिऱ्याचा कोपरा आधी काही न सांगता खळकन सुटतो. पावसात भिजलेला असेल तर आणखीच लवकर. छोटी हॅचबॅक पण आठशे-नऊशे किलोची असते हे विसरू नका. सिमेंटचा पोकळ ब्लॉक तर त्याहून वाईट, तो तडकून सरळ बसतो. माडाच्या खोडाचे तुकडे दिसायला दणकट पण बाहेर कडक आणि आत भुसभुशीत, वजनाखाली फाटतात.

लाकूडच वापरायचं तर कापून चौकोनी केलेले ऐन किंवा फणसाचे जाड तुकडे, एकावर एक आडवे-उभे रचून. हा जुगाड खरंच चांगला आहे. पण इतकं लाकूड रचून ठेवायला जागा हवी, आणि वाळवी लागली का ते दर वेळी बघायला हवं, त्यापेक्षा तीन टनी जॅक स्टँडची (उचललेल्या गाडीखाली ठेवायच्या लोखंडी आधारांची) जोडी दोन हजाराच्या आसपास येते आणि आयुष्यभर पुरते. माझं मत स्पष्ट आहे, पहिले पैसे इथेच. स्टँड खळ्यात (अंगणात) मातीवर लावणार असाल तर खाली जाड फळी किंवा लोखंडी पत्रा घाला, नाहीतर पाय मातीत रुततात आणि ते पण एका बाजूने.

चिऱ्याचा उपयोग आहे, चाक अडवायला उटी म्हणून. त्याला तोड नाही, जड असतो, घसरत नाही आणि फुकट आहे.

एक गावठी पद्धत मात्र मला जॅकपेक्षा बरी वाटते, ती म्हणजे गाडी पऱ्याच्या (लहान ओहोळाच्या) दोन्ही काठांवर चाकं ठेवून उभी करायची आणि मधे उतरून ऑईल सोडायचं. गाडी आपल्या चार चाकांवरच उभी असते, काही उचललेलं नसतं, हँडब्रेक आणि गिअर टाकला, चाकामागे चिरे लावले की झालं. काठ चिऱ्याने बांधलेला हवा आणि दिवस कोरडे हवेत. जून ते सप्टेंबर हा विचार डोक्यातून काढून टाका, काठ खचतो.

गंजलेला नट: इथे कोकण वेगळं पडतं

आधी तेल. गावात चालतं ते डिझेल आणि जळकं ऑईल अर्धं-अर्धं (रॉकेल आता मिळेनासं झालंय). हे काम करतं, फक्त वेळ मागतं, रात्री लावा, सकाळी पुन्हा लावा, दुपारी पाना घाला. डब्ल्यूडी-४० सगळ्यांना माहीत आहे पण ते मुळात १९५३ मध्ये ओल हटवण्यासाठी बनवलेलं, हलका गंज सोडवतं, जुनाट सायलेन्सरच्या बोल्टला पुरं पडत नाही. गंज सोडवण्यासाठीच म्हणून मिळणारे स्प्रे त्याहून बरे. अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं एटीएफ तेल अर्धं-अर्धं करून लावायची पण पद्धत आहे, झिरपतं झकास, पण दोन्ही एकमेकांत विरघळत नाहीत म्हणून दर वेळी बाटली हलवायची, पेंटवर थेंब पडला तर पेंट गेला, आणि पेट घेणारी वस्तू असल्यामुळे बिडीवाल्या मदतनिसाला लांब ठेवायचं. खोबरेल तेल लावणारे पण भेटतात. केसाला लावा.

माझी निवड डिझेल-ऑईलच, कारण घरच्या कामाला घाई नसते. पण तेल लावायच्या आधी तारेच्या ब्रशने आटे घासून घ्या, गंजाच्या पापुद्र्यावर ओतलेलं तेल पापुद्राच पितो. मग नटाच्या डोक्यावर हातोडीने नीट चार ठोके, सोडवायच्या आधी किंचित आवळायच्या दिशेने ढकलायचा, कर्र आवाज आला की अर्धी लढाई जिंकली. मेणबत्तीची युक्ती पण खरी आहे, नट तापवायचा आणि मेण टेकवायचं, ते आट्यात ओढलं जातं. फक्त पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, रबर बुश जवळपास असेल तर आग नको.

आता पाना. इथे कंजूषपणा करू नका. बारा कोनी स्वस्त रिंग पाना गंजलेल्या नटाला कोपऱ्यावर धरतो आणि नट गोल करून ठेवतो, एकदा गोल झाला की छिन्नी, वेल्डिंग आणि शिव्या. सहा कोनी गोट्या (सॉकेट) घ्या, १०, १२, १४, १७, १९ आणि २१ नंबर, जपानी-कोरियन गाडीचं बहुतेक काम यात उरकतं. युरोपियन वळणाची गाडी असेल तर १३ आणि १६ पण लागतील. मोठ्या पान्यात स्क्रू ड्रायव्हरचं पातं पाचर म्हणून घालून छोटा नट फिरवायचा प्रकार सायकलला ठीक आहे.

लांब टॉमी (पाना फिरवायचा दांडा, ब्रेकर बार) विकत घ्यायची की पाइप? पाइप. व्हील पान्यावर मीटरभर इंची जीआय पाइप घातला तर विकतच्या ब्रेकर बारइतकंच काम होतं, पाइप घरात असतोच, नाहीतर पंपाच्या जुन्या लाइनचा तुकडा. हा रॅचेटवर (गोटी फिरवायच्या दातेरी दांड्यावर) घालू नका, आतले दात मोडतात, आणि १०-१२ नंबरच्या बारीक बोल्टवर तर नकोच, बोल्टच तुटून हातात येतो.

किनाऱ्याकडे आणखी एक होतं, सगळे नट निघतात आणि चाक हबला चिकटून बसतं, अलॉय असेल तर हमखास. लोक जॅकवरच्या गाडीला लाथा घालतात, ते बघवत नाही. त्यापेक्षा गाडी खाली घ्या, नट सगळे जागेवर ठेवून फक्त अर्धा-अर्धा आटा ढिले करा, गाडी अगदी सावकाश दोन-चार फूट पुढे-मागे करा, टक् आवाज येऊन चाक सुटतं. मग हबचा चेहरा घासून त्यावर ग्रीसचा हलका हात. नटाच्या आट्यांना मात्र ग्रीस लावू नका, तेलकट आट्यावर त्याच जोराने नट जास्त ताणला जातो.

आवळणं: टॉर्क पाना की पाण्याची बादली

आमच्या शेजारचे काका, एसटी डेपोत आयुष्य गेलेले, टॉर्क पान्याला (ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याला) हसतात. त्यांची पद्धत अशी. छोट्या गाड्यांच्या व्हील नटाला साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर जोर लागतो, म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला नऊ ते अकरा किलो. काका पान्यावर पाइप घालतात, नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर खूण केलेली आहे, तिथे बादली अडकवतात, पाइप आडवा धरतात आणि बादली हळूच सोडतात. “अरे, दे वजन सोडून, हात नको लावूस,” हे दर वेळी. पाइप आणि पान्याचं स्वतःचं वजन साधारण दीड किलोची भर घालतं, म्हणून १०० न्यूटन-मीटरला बादली आणि पाणी मिळून साडेआठ किलो. मासे जोखतात तसल्या ताणकाट्यावर ते वजन करून घेतात.

गंमत वाटली तरी पद्धत बरोबर आहे, आणि अंदाजाने पायाने दाबून आवळण्यापेक्षा लाखपट बरी. अट एवढीच की गाडीची चाकं जमिनीवर हवीत आणि पान्याचं डोकं दुसऱ्या हाताने धरलेलं हवं, नाहीतर तो निसटतो. व्हील नटाला बादली चालेल, वर्षातून दोनदाच तर लागते. स्पार्क प्लग, ऑईलचा ड्रेन बोल्ट असली अ‍ॅल्युमिनियममध्ये बसणारी कामं स्वतः करणार असाल तर छोटा टॉर्क पाना घ्या, तिथे आटे गेले की मेकॅनिक मोठं बिल करतो.

जिथे विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात

ऑईल ड्रेन ट्रे विकत घेऊ नका. पाच लिटरचा जुना ऑईल कॅन आडवा ठेवून वरची बाजू कापली की झाला ट्रे, पाण्याची बाटली कापली की नरसाळं. पार्ट ठेवायचा मॅग्नेटिक ट्रे म्हणून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक स्टीलच्या थाळीखाली ठेवा. ऑईल फिल्टर सोडवायला जुना फॅन बेल्ट आणि दांडका पुरतो, पण फिल्टरच्या आरपार स्क्रू ड्रायव्हर ठोकणाऱ्यांचं ऐकू नका, पत्रा फाटतो आणि बूड तिथेच राहतं. निघालेलं ऑईल विहिरीच्या वरच्या अंगाला ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या.

बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याचा सोडा आणि गरम पाण्याने विकतच्या क्लीनरइतकाच जातो. वरून व्हॅसलीन. आधी निगेटिव्ह काढायची आणि लावताना ती शेवटी.

करंट आणि पाणी

इंडिकेटरचा बल्ब आणि दोन वायरी, हा टेस्ट लॅम्प फ्यूजला करंट येतो का बघायला मस्त. पण बल्ब स्वतः करंट ओढतो, एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना आणि ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) वायरींना तो लावू नका. साधा मल्टीमीटर तीन-चारशेत येतो, घ्याच. बंद गाडीला १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, चालू गाडीला १४ च्या आसपास म्हणजे अल्टरनेटर बरा. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणाऱ्याला गाडीच्या जवळ येऊ देऊ नका, तिथून आग लागते. जम्पर केबलला पर्याय म्हणून आपल्याकडे उतार आहे, मॅन्युअल गाडी उतारावर पार्क करा, दुसऱ्या गिअरवर सुरू होते, फक्त बॅटरीत थोडा जीव हवा.

रेडिएटर गळतोय म्हणून हळद टाकतात. थांबतं खरं. पण हळद भोकात बसते तशी बारीक नळ्यांत पण बसते आणि पुढच्या उन्हाळ्यात घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो. होज पाइप गळत असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून-ताणून गुंडाळा, ती बाहेरच राहते, घरापर्यंत आणते. पेट्रोलच्या टाकीला बारीक चीर गेली तर कपड्याचा साबण चोळायची ड्रायव्हर लोकांची युक्ती पण पाझर थांबवते, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. ही दोन्ही गॅरेजपर्यंत पोचायची कामं, तशीच महिनाभर चालवायची नाहीत.

ब्रेक

दोन जुगाड मंजूर. पुढचे पॅड बदलताना कॅलिपरचा पिस्टन दाबायला सुताराचा सी क्लॅम्प, मधे जुना पॅड ठेवून. आणि ब्रेकच्या लाइनमधली हवा काढताना पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑईलमध्ये बुडालेलं. बाकी ब्रेकमध्ये कल्पकता नको. ब्रेक ऑईलऐवजी दुसरं कुठलंही तेल गेलं की रबराची सीलं फुगतात आणि सगळी लाइन बदलावी लागते. उघडा राहिलेला डबा पण वापरू नका, हे ऑईल हवेतली ओल ओढतं आणि आपल्याकडे हवा म्हणजे अर्धं पाणीच.

खालचा पत्रा

पावसाआधी गाडीच्या पोटाला जळकं ऑईल फासायची पद्धत होडीवरून आली असावी असं मला वाटतं. पत्रा वाचतो, पण ते रबर बुश खराब करतं, खळ्यात ठिबकतं, आणि सायलेन्सरवर पडलं की धूर. विकतचं अँटीरस्ट कोटिंग गंजावरच मारलं तर आत ओल कोंडून पत्रा आतून जातो आणि वरून दिसत पण नाही. नव्या, स्वच्छ पत्र्याला कोटिंग घ्या. जुन्या गाडीला गंज घासून प्राइमर, आणि पैसे वाचवून बागेच्या पाइपने गोड्या पाण्याचा मारा, चाकांच्या आत, दारांच्या खालच्या कडेला, खारं पाणी लागलं की त्याच दिवशी. विहीर मचूळ असेल तर ते पाणी नको.

आणि एवढं सगळं घेतलंत तर ती पेटी पडवीत ठेवू नका, दोन पावसाळ्यात पाने पण गाडीसारखेच होतात. ऑईलच्या फडक्यात गुंडाळून आतल्या खोलीत, कपाटाखाली. घरातल्यांची बोलणी खावी लागतील.