जुनं जेट, ४१,००० फुटांचं आश्वासन आणि आमची झालेली फसवणूक

विक्रीच्या माहितीपत्रकात कमाल उंची ४१,००० फूट अशी ठळक छापली होती. विमान ताब्यात आल्यावर कळलं, की त्याला २८,००० फुटांच्या वर उडत राहण्याची परवानगीच मिळू शकत नाही. आणि त्याच्या खालीसुद्धा केबिनचं प्रेशर टिकेल याची खात्री नव्हती. सत्तरच्या दशकातलं सिटेशन, म्हणजे सेसना कंपनीचं छोटं जेट, जेटी१५डी इंजिनं, दोघांनी भागीदारीत घेतलेलं. विकणाऱ्याला आणि मधल्या ब्रोकरला हे सगळं पक्कं ठाऊक होतं, हे आता कागदोपत्री दिसतंय. तक्रार चालू आहे म्हणून नावं लिहीत नाही. पण त्यांनी हे कसं जमवलं ते सगळं लिहितो, कारण हीच पद्धत उद्या दुसऱ्या कुणावरही वापरता येईल.

आधी उंचीचं सांगतो. जुन्या जेटला उंचीच तारते. त्या काळची इंजिनं खालच्या जाड हवेत इंधन अक्षरशः पितात. तेच विमान ३७,००० किंवा ३९,००० फुटांवर नेलं की ताशी खप बराच उतरतो आणि पल्ला वाढतो. वरच्या थरात ढगही कमी लागतात. २८,००० वर अडकलेलं जेट म्हणजे खर्च जेटचा आणि पल्ला तोकडा. मुक्कामाला पोचायच्या आधी मध्येच इंधनासाठी उतरावं लागतं, आणि वाटेत वादळाची रांग असेल तर वरून जायचा पर्यायच राहत नाही.

ही २८,००० ची मर्यादा येते आरव्हीएसएममुळे, म्हणजे विमानांमधलं उभं अंतर कमी करण्याच्या नियमामुळे. पूर्वी २९,००० फुटांच्या वर दोन विमानांमध्ये २,००० फुटांचं उभं अंतर ठेवत. ते १,००० वर आणलं, १९९७ मध्ये उत्तर अटलांटिकवर, २००२ मध्ये युरोपात आणि २००५ मध्ये अमेरिकेत. आता २९,००० ते ४१,००० या पट्ट्यात, थोडे अपवाद सोडले तर, मान्यता असलेल्याच विमानांना जागा मिळते. त्यासाठी दोन स्वतंत्र उंचीमापक यंत्रणा, उंची नेमकी धरून ठेवणारा ऑटोपायलट आणि उंची सुटली तर इशारा देणारी व्यवस्था लागते. आरव्हीएसएम यायच्या आधी बनलेल्या विमानांना हे सगळं नंतर बसवावं लागतं, आणि स्वस्तातल्या जुन्या जेटला तो खर्च विमानाच्या किमतीच्या उरावर बसू शकतो. म्हणूनच अशी कितीतरी विमानं तो बदल न करताच राहिली. बाजारात स्वस्त दिसणाऱ्या जुन्या जेटपैकी कुठलं का स्वस्त आहे, याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं.

आम्हाला हा बदल केल्याचा कागद दाखवला होता. झेरॉक्स होती. विमानाचा सीरियल नंबर ज्या चौकटीत असतो तिथे शेवटचा आकडा शाईत फुटलेला, बाकीचे सगळे आकडे आमच्या विमानाशी जुळणारे. मूळ प्रत मागितली तर "रेकॉर्ड वर्कशॉपमध्ये आहे, डिलिव्हरीच्या वेळी सगळ्या फायली मिळतील" असं लेखी उत्तर आलं. फायली मिळाल्या, त्यात हा कागद नव्हता. तो कागद त्याच मॉडेलच्या दुसऱ्या एका विमानाचा होता. आमच्या विमानाच्या सीरियल नंबरवर असा कुठलाही बदल कधीच नोंदला गेला नव्हता.

विमानाकडे बघूनही हे ओळखता येतं, आणि ते प्रत्येक खरेदीदाराला माहीत हवं. आमच्या टेक्निशियनने पॅनेलमधला उंचीमापक बाहेर ओढला आणि मागच्या पट्टीवरचा पार्ट नंबर वाचला. तो मंजूर यादीत नव्हताच, कारखान्यातून आलेलं मूळचंच यंत्र होतं. दुसरी खूण बाहेर. हवेचा स्थिर दाब घेणारी भोकं, म्हणजे स्टॅटिक पोर्ट, ज्या पत्र्यावर असतात त्या पत्र्याचा सपाटपणा या मंजुरीत फार महत्त्वाचा असतो. तिथे पोचा आला, जाड रंग बसला, की उंचीचं मोजमाप चुकतं. आमच्या विमानाला विक्रीच्या तोंडावर नवा रंग दिला होता आणि त्या भागावर हात फिरवला तर रंगाचे थर बोटांना लागत होते.

आता प्रेशर. यात केलेली लबाडी मला सर्वांत घातक वाटते, कारण इथे पैशांबरोबर माणसं जातात.

चाचणी उड्डाणात विकणाऱ्याचा पायलट डाव्या सीटवर होता, मी उजव्या. २५,००० वर गेल्यावर त्याने सांगितलं, की वर ट्रॅफिक आहे, क्लिअरन्स मिळत नाही. केबिनचा काटा, म्हणजे आतली हवा किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे ते फुटांत दाखवणारा, छान खाली बसलेला होता. उतरताना त्याने इंजिनांची पॉवर बरीच ठेवली, हवेला अडवणारे स्पीडब्रेक उघडले आणि वेग आवरत विमान खाली आणलं. विचारलं तर म्हणाला, "इंजिनं एकदम थंड पडू नयेत म्हणून." ऐकायला पटण्यासारखं आहे. खरं कारण वेगळं होतं. केबिनमध्ये प्रेशर भरणारी हवा इंजिनांमधूनच येते. पॉवर जास्त असेल तेव्हा ती भरपूर येते आणि केबिनला गळती असली तरी झाकली जाते. थ्रॉटल मागे घेऊन आयडलला, म्हणजे सर्वांत कमी पॉवरवर, आणले की हवा कमी होते, आणि तेव्हा गळती उघडी पडते.

विमान आमचं झाल्यावर आमच्या इन्स्ट्रक्टरने २६,००० वरून उतरताना नेहमीसारखे थ्रॉटल मागे घेतले. विमान खाली येत होतं आणि केबिनची उंची वर चढत होती. दोन काटे दोन दिशांना. केबिनची उंची १०,००० फुटांना पोचली आणि लाल दिवा लागला. आम्ही मास्क लावले, पॉवर वाढवली, खाली आलो. त्या उंचीवरून हे सावरता आलं. ३९,००० वर गळती वाढली असती तर किती वेळ मिळाला असता? २५,००० फुटांवर ऑक्सिजनशिवाय माणूस साधारण ३ ते ५ मिनिटं कामाचा राहतो. ३५,००० वर अर्धा ते एक मिनिट, ४०,००० वर १५ ते २० सेकंद. प्रेशर एकदम गेलं तर त्याच्याही निम्मं. आणि ऑक्सिजन कमी पडतोय हे ज्याच्या मेंदूला कमी पडतोय त्यालाच कळत नाही, उलट सगळं ठीक चाललंय असं वाटतं.

दाराचा सील उघडून पाहिला. तो सायकलच्या ट्यूबसारखा हवेने फुगतो आणि दार व फ्रेममधली फट बंद करतो. आमचा सील कडक झालेला, एका कोपऱ्यात चिरलेला, आणि त्या चिरेवर कसलंतरी चिकट रसायन भरून वरून काळा रंग फासलेला. हे सहज होत नाही. कुणीतरी चीर पाहिली, ती गंभीर आहे हे ओळखलं आणि ती लपवायला वेळ खर्च केला.

त्यानंतर ऑक्सिजनचा सिलिंडर बाहेर काढला. हलक्या थ्रीएचटी जातीच्या सिलिंडरची दर ३ वर्षांनी दाबचाचणी लागते आणि २४ वर्षांनी तो कायमचा बाद होतो. प्रत्येक चाचणीची तारीख सिलिंडरवरच ठोकलेली असते. लॉगबुकात अलीकडच्या चाचणीची नोंद होती, सिलिंडरवर मात्र त्या तारखेचा ठसा नव्हता. सोबतच्या फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात आवृत्तीची तारीख छापलेली असते. ती चाचणीच्या तारखेनंतरची निघाली. म्हणजे ज्या दिवशी तो फॉर्म भरला असं दाखवलंय, त्या दिवशी तो फॉर्म अस्तित्वातच नव्हता. ज्या टेक्निशियनचा लायसन्स नंबर सहीखाली होता, त्याने ही नोंद आपली नाही असं आम्हाला लिहून दिलं.

हे वाचून कुणाला वाटेल, की एवढ्याशा सीलचं काय घेऊन बसलात. २५ ऑक्टोबर १९९९ ला गोल्फपटू पेन स्ट्युअर्ट यांना घेऊन ऑरलँडोहून निघालेलं लिअरजेट ३५ प्रेशर गेल्यावर तासन्‌तास सरळ उडत राहिलं आणि साउथ डकोटात कोसळलं. आतल्या सहाही जणांचा मृत्यू झाला. ४ जून २०२३ ला एक जुनं सिटेशन वॉशिंग्टनवरून निरुत्तर उडत गेलं, त्याच्या मागावर एफ-१६ लढाऊ विमानं पाठवावी लागली, आणि ते व्हर्जिनियात पडलं. चार माणसं गेली. त्या विमानाच्या काही आठवडे आधीच्या देखभालीत पायलटच्या बाजूचा ऑक्सिजन मास्क जागेवर नसल्याची नोंद होती, हे तपासात पुढे आलं. खोटा कागद करून सिलिंडर विकणाऱ्याला हे माहीत नसतं असं मी मानायला तयार नाही.

खरेदीपूर्व तपासणीचं वर्कशॉप ब्रोकरने सुचवलं होतं. "या विमानाची त्यांना नस न्‌ नस माहीत आहे" म्हणाला. खरंच होतं, वर्षानुवर्षं तेच सांभाळत होते आणि विकणाऱ्याकडून त्यांची थकबाकी येणं होती. विमान विकलं गेलं तरच ती वसूल होणार. अहवालात केबिनची गळतीचाचणी "समाधानकारक" लिहिली आहे, आकडा मात्र एकही नाही. जमिनीवर केबिन फुगवून, ठरलेल्या दाबावरून उतरायला किती वेळ लागतो हे मोजूनच ती चाचणी होते. आकडा नसेल तर चाचणी झालीच नाही असं समजा. इंजिनांच्या आत बोरोस्कोप, म्हणजे आत बघायची कॅमेऱ्याची नळी, घातल्याचा उल्लेख आहे, फोटो नाहीत.

इंजिनांच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. दोन्ही इंजिनं ताशी पैसे भरायच्या देखभाल योजनेत आहेत असं जाहिरातीत होतं. होती खरी, पण हप्ते केव्हाच थकलेले. योजनेवाले खातेदाराच्या लेखी संमतीशिवाय तिसऱ्याला माहिती देत नाहीत, आणि ती संमती आज देतो, उद्या देतो करत विकणाऱ्याने सौदा होईपर्यंत लांबवली. शिवाय एका टर्बाइन डिस्कच्या सायकल्सची, म्हणजे इंजिन सुरू होऊन बंद होण्याच्या फेऱ्यांची, नोंद मध्येच तुटलेली आहे. ठरावीक आयुष्याच्या भागांचा हिशेब पहिल्या दिवसापासून सलग लागतो. तो नसेल तर डिस्क दिसायला कितीही चकचकीत असो, व्यवहारात ती भंगारच.

एका ठिकाणी मात्र आम्ही वाचलो. कर्जाचा बोजा तपासणाऱ्या एजंटाने विमानांवरच्या कर्जाच्या हक्कांसाठी असलेल्या केप टाउन कराराखालच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीत विमानाबरोबर दोन्ही इंजिनांचे नंबरही स्वतंत्र तपासले. १,७५० पौंड किंवा त्याहून जास्त थ्रस्ट (ढकलण्याचा जोर) असलेली जेट इंजिनं तिथे विमानापासून वेगळी नोंदता येतात, म्हणजे विमान मोकळं असूनही इंजिनावर कुणाचा तरी हक्क असू शकतो. एका इंजिनावर सावकाराची नोंद सापडली आणि पैसे देण्याआधी ती उतरवून घेता आली.

करारात "आहे तसं, आहे तिथे" हे कलम होतं. जुन्या विमानांच्या सौद्यात ते असतंच. आमच्या वकिलाचं म्हणणं, जाणूनबुजून केलेल्या बनवेगिरीला हे कलम पांघरूण घालू शकत नाही, पण "जाणूनबुजून" हे सिद्ध करायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. विकणाऱ्याचा वकील त्याच कलमावर बोट ठेवून बसलाय. देखभालीच्या नोंदी खोट्या करणं हा वेगळा गुन्हा आहे, म्हणून ती तक्रार आम्ही हवाई नियामकाकडे स्वतंत्रपणे केली आहे आणि सिलिंडर, सील, फॉर्म सगळं तसंच जपून ठेवलं आहे.

तुम्ही अशा सौद्यात असाल, तर इसाराची रक्कम परत न मिळणारी होण्याआधी चाचणी उड्डाण कमाल मंजूर उंचीपर्यंत न्यायला लावा. तिथे एक थ्रॉटल मागे घेऊन केबिनचा काटा बघा, मग दुसरा, आणि उतरताना दोन्ही आयडलला. कुणी "वर ट्रॅफिक आहे" म्हणालं तर उड्डाण दुसऱ्या दिवशी ठेवा. वर नेण्याची परवानगीच नाही असं निघालं, तर तुम्हाला हवं ते उत्तर मिळालंच. वर्कशॉप असं निवडा ज्याने त्या विमानाला कधी हात लावलेला नाही, आणि त्याचे पैसे तुम्हीच द्या. सिलिंडरवरचे ठसे स्वतः वाचा. इंजिन योजनेचं पत्र थेट कंपनीकडून तुमच्या नावावर मागवा.

आमचं विमान आता हँगरमध्ये उभं आहे. सील नवा बसवला, मागच्या भिंतीतून जाणाऱ्या वायरींची भोकं बंद केली, गळती मर्यादेत आली. आरव्हीएसएमचा बदल करणार नाही, ते पैसे या विमानात घालण्यात अर्थ नाही. सुटे भाग म्हणून विकू, प्रत्येक भागाचा खरा इतिहास सोबत देऊन.

त्या झेरॉक्सची मूळ प्रत आजही कुणाच्यातरी हातात आहे. त्याच मॉडेलच्या आणखी काही विमानांचे सीरियल नंबर शेवटचा आकडा सोडला तर असेच जुळू शकतात, त्यामुळे ती पुन्हा वापरली जाऊ शकते. आरव्हीएसएमच्या कागदावर शेवटचा आकडा पुसट दिसला, तर मूळ प्रत हातात येईपर्यंत एक पैसाही देऊ नका, आणि तो कागद तुमच्या देशाच्या हवाई नियामकाला दाखवा.