कर्नलची चूक: पॅच की नेमस्पेस बंद?

लिनक्सच्या कर्नलमधली, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातली, सीव्हीई-2022-0185 ही सुरक्षा-चूक घ्या (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीचा क्रमांक). 4096 बाइटांच्या बफरमध्ये, म्हणजे मजकुरासाठी राखलेल्या मेमरीत, जागा उरली का, हे कोड वजाबाकीने तपासत होता: 4096 वजा 2 वजा भरलेली लांबी. लांबी 4095 झाली की उत्तर उणे 1. पण संख्येच्या चिन्हरहित प्रकारात उणे नसतंच, ते अवाढव्य होतं, तपासणी पार पडते आणि मजकूर बफरबाहेर सांडतो.

पॅचने, म्हणजे दुरुस्तीच्या कोडने, वजाबाकीच्या जागी बेरीज आणली. बदल एका ओळीचा, पण लागू करायला सहसा रीबूट हवा.

दुसरा उपाय यूजर नेमस्पेस बंद करण्याचा: या सोयीमुळे साध्या वापरकर्त्याला आपल्या वेगळ्या कप्प्यात रूटसारखे अधिकार मिळतात आणि त्यांच्या जोरावर तो या चुकीपर्यंत पोचतो. ती बंद करायला रीबूट लागत नाही. मात्र रूटलेस कंटेनर (रूट अधिकारांशिवाय चालणारे, वेगळे ठेवलेले प्रोग्राम) अडतात आणि चूक जागेवरच राहते. माझ्या मते हा उपाय रात्रीच्या रीबूटपर्यंतच धरावा. कंटेनर चालवणाऱ्या सर्व्हरवर तर पॅचच आधी.