कागदी मॉडेल: छापील शीट की लेझर-कट किट?

छापील शीट घेतली तर प्रत्येक भाग हाताने कापायचा. कागद १६० ते २०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) हवा. जाड झाला की चिकटवायच्या बारीक पट्ट्या नीट दुमडत नाहीत आणि घडीवर रंग तडकतो. घडीच्या रेषा कापण्याआधीच संपलेल्या बॉलपेनने दाबून घ्या, कारण सुटा झालेला चिमुकला तुकडा मोजपट्टीखाली सरकतो. कापलेली पांढरी कड जुळत्या रंगाने रंगवायची. काम वेळखाऊ, पण तुकडा बिघडला तर तेवढंच पान पुन्हा छापता येतं, आणि नवशिक्याला हा फार मोठा आधार आहे.

लेझर-कट किटमध्ये भाग लेझरने आधीच कापलेले असतात, त्यामुळे खिडक्यांच्या १ मिमीच्या चौकटीही नेमक्या मिळतात. हाताने तशा कापणं महाकठीण. भाग मात्र बारीक जोडांनी शीटला धरलेले असतात. ते ओढून तोडले की कागदाचे पदर सुटतात, म्हणून नव्या पात्यानेच कापा. लेझरने कड तपकिरी होते, पांढऱ्या भिंतीवर ती रेघ लगेच दिसते.

गोंद दोन्ही प्रकारांत टूथपिकच्या टोकाएवढाच. जास्त झाला तर ओलाव्याने भिंत वाकते.

पहिलंच मॉडेल असेल तर शीटच घ्या. जाळ्या, कठडे भरपूर असतील तर लेझर-कट.