७०० रुपयांत जुनी व्हॅन तपासून घेतली, नोझलचं लिकेज सापडलं (डिझेल मिस्त्रीचा अनुभव)

मार्चमध्ये जुनी डिझेल व्हॅन घ्यायची होती, १३ सीटर, २०१६ चं मॉडेल. शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून आमच्या दारव्ह्याकडची माणसं अशाच गाड्यांवर अवलंबून आहेत, रामनवमीला पोहरादेवी, नवरात्रात माहूर, मधात लग्नसराई, एवढ्यावर हप्ता निघून जाते असा आपला हिशोब. गाडी नेरच्या बाजूच्या एका खेड्यात होती, मालक ४ लाख ६० मागत होता. इंजिन असं धुवून पुसून ठेवलं होतं की त्यावर भाकर ठेवून खावी. मी तर तिथंच बयाना देणार होतो पण साळा म्हणे, "भाऊजी, मिस्त्रीले दाखवल्याबिगर खिशातून हात बाहेर काढू नका." म्हणून दारव्हा रोडवरच्या या डिझेल मिस्त्रीकडं गेलो. बोर्ड नाही, टिनाचं शेड, बाहेर दोन ट्रॅक्टर कायमचे उभे. गाडी पाहायचे ७०० रुपये घेतो, वर आपल्या गाडीवर न्यायचं आणायचं. आधी मला ७०० जास्तच वाटले, खोटं कायले बोलू.

पहिल्या दिवशी तर गंमतच झाली. आम्ही सात वाजता पोचलो, त्यानं बॉनेटवर हात ठेवला अन् म्हणे, "गरम हाय. कोणी चालू केली होती?" मालक म्हणे, पोरगा जरा फिरवून आणला. हा पठ्ठ्या काही न पाहता परत माझ्या गाडीवर बसला. मला रागच आला, २८-३० किलोमीटर जाऊन रिकाम्या हातानं वापस. रस्त्यात त्यानं सांगितलं की नोझलचं (सिलेंडरात डिझेल फवारते ते) वायसर, म्हणजे त्याच्या बुडाची तांब्याची चकती, बारीक लीक असलं तर थंड इंजिनातच जास्त बोलते, गरम झालं की धातू फुगून फट दाबल्या जाते अन् आवाज दबून जाते. ज्याला गाडी खपवायची त्याला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असते.

दुसऱ्या दिवशी न सांगता साडेपाचला गेलो. बॉनेट गारढोण. चालू केली तर मला नेहमीचाच डिझेलचा खडखडाट ऐकू आला, तो म्हणे नीट ऐका, त्याच्यात "फुस फुस फुस" येऊन रायलं, सायकलच्या पंपासारखं. एक्सलेटर दिला की फुसफुस पण जोरात पळते. मग त्यानं वरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. मालकानं वरून धुतलं होतं पण नोझलच्या बुडाशी पाणी कुठून पोचणार, तीन नंबरच्या भोवती डांबरासारखा काळा कडक थर. डिझेल अन् जळका गॅस तिथं शिजून शिजून असा दगड होते. मर्सिडीजच्या सीडीआय इंजिनवाले तर याला 'ब्लॅक डेथ' म्हणतात, म्हणजे हा रोग काही आपल्या गरिबाच्याच गाडीचा नाही.

मग शाम्पूचं पाणी. वायरिंगच्या कनेक्टरवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, स्प्रेच्या बाटलीनं चारही नोझलच्या मुळाशी पाणी मारलं. एक, दोन, चार शांत. तीन नंबरला प्रत्येक ठोक्याबरोबर फुगा, पोट्टे उडवतात तसा. मालकाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

इथं एक गोष्ट मला पहिल्यांदा कळली. नोझलपाशी ओलं दिसलं अन् डिझेलचा वास आला तर ते बहुतेक वरच्या रिटर्न पाईपचं (उरलेलं डिझेल टाकीत वापस नेते तो) रबर नाहीतर हाय प्रेशर पाईपचा नट, म्हणजे तेल गळून रायलं. अन् कोरडं, काळं, कडक असलं तर खालचं तांब्याचं वायसर गेलं, म्हणजे सिलेंडरातला गॅस वर येऊन रायला. पहिलं स्वस्तातलं काम. दुसरं वेळेत केलं तर स्वस्त, नाहीतर डेंजर, कारण गॅस सतत जाऊन हेडमधली बसायची जागाच खाऊन टाकते, नोझल आतल्या आत चिकटून बसते, अन् ज्या इंजिनात नोझलचं बूड टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, आत येते तिथं तो कार्बन ऑइलमध्ये उतरून ऑइल ओढायची जाळी चोक करतो, मग पहिले टर्बो जातो. गाडीत बसल्यावर एसीच्या हवेतून धुराचा वास आला तरी हाच संशय घ्यायचा. अन् लिकेज शोधायला चालू इंजिनवर हात फिरवायचा नाही, कॉमन रेल गाडीच्या पाईपात १६०० बारपर्यंत प्रेशर असते, टायरात कसंबसं चार, ती बारीक धार चामडी फाडून आत जाते. मी नेमका बोट लावायले गेलो होतो, जोरात ओरडला माझ्यावर.

शेवटी सलाईनच्या नळ्या काढल्या! चार नळ्या नोझलच्या रिटर्नला, खाली चार सारख्या बाटल्या, गाडी पाच मिनिटं चालू. चारही सारख्याच भरल्या. एखादी दुप्पट भरली असती तर ते नोझल आतूनच गेलं समजायचं, अन् ते महागाचं काम. म्हणजे नोझल चांगले, फक्त वायसरचा लफडा. हे त्याच्या तोंडून ऐकल्यावर माझा भाव ठरला. ४ लाख ६० ची गाडी ४ लाख १५ ला तुटली. ७०० रुपयांत ४५ हजार, आता काय बोलणार.

पण रिपेरिंगबद्दल इतकं गोड लिहिणार नाही मी. गाडी त्याच्याच शेडमध्ये टाकली, ५,२०० सांगितले. तीन नंबर निघेचना, दोन दिवस तेल टाकून भिजवत ठेवलं, मग पुलरनं ठोकून ठोकून काढलं. बुडाशी एक नाही दोन वायसर निघाले, आधीच्या कोणत्यातरी बहाद्दरानं जुनं आतच ठेवून वरून नवं टाकलं होतं, कशाला गॅस थांबते मग. यानं हेडमधली जागा कटरनं साफ केली, नवे वायसर टाकले (काही जण जुनंच वायसर गॅसवर लाल करून परत बसवतात, ३०-४० रुपयांच्या वस्तूसाठी, हा तसं करत नाही), नोझलवर मार्करनं १ २ ३ ४ लिहून ज्याचं त्याच जागी बसवलं कारण प्रत्येकाचा कोड कॉम्प्युटरमध्ये वेगळा असते. इथपर्यंत पैकीच्या पैकी. पण नोझल दाबून धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट मात्र जुनाच लावला. ते बोल्ट कसताना ताणल्या जातात, दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाहीत, हे मला त्यानंच नंतर सांगितलं, आधी काहून नाही सांगितलं देव जाणे. महिन्याभरात माहूरच्या घाटात परत फुसफुस. घरी सकाळी शाम्पूचं पाणी मारून पाहिलं, बारीक फुगे, तीन नंबरच.

गेलो, फोन तर तो उचलतच नाही म्हणून सरळ गेलो. पाहिलं, मान खाली घातली, म्हणे "माही चूक हाय, बोल्ट नवा टाकाले पाह्यजे होता." नवा बोल्ट, परत नवं वायसर, टॉर्क पान्यानं कसून दिलं, पैसे घेतले नाहीत. पण सकाळी नऊचा गेलेला मी संध्याकाळी पाचला निघालो, मे महिन्यात, टिनाखाली, एक लग्नाची ट्रिप बुडाली ती वेगळीच. तेव्हापासून चार महिने झाले, साडेसहा हजार किलोमीटर चालली, नोझलची जागा कोरडी आहे, दर पंधरा दिवसांनी सकाळी पाहतो.

म्हणून माझं मत असं की जुनी डिझेल गाडी पाहायला न्यायचं तर डोळे झाकून याला न्या. रिपेरिंगला टाकली तर बाजूला उभं राहून नवा बोल्ट मागून घ्या, बिल कच्चंच मिळते. एसी, पत्रा, सस्पेन्शन यातलं तो पाहत नाही, माझ्या गाडीचा मागचा दरवाजा खालून सडलेला होता, तो मला पहिल्या पावसात समजला. पाचपैकी साडेतीन स्टार, पाहणीचे वेगळे मोजले तर पाच. अन् जाताना शाम्पूच्या दोन पुड्या खिशात ठेवा, त्याच्याकडच्या नेहमी संपलेल्या असतात.