गोव्यात राहून दूरस्थ पदवी: इग्नू, नाशिक की ऑनलाइन?

नोकरी सांभाळून पदवी घ्यायची म्हटली की गोव्यातल्या माणसापुढे तीन वाटा येतात. इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ), नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि एखाद्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी. फी पाहण्याआधी एक विचारा: आपण लिहिलेले कोण तपासणार, आणि ते तपासून परत मिळणार का?

दूरस्थ शिक्षण उभे राहिले ते याच गोष्टीवर. १८४० मध्ये इंग्लंडात आयझॅक पिटमन टपालाने लघुलिपीचे धडे पाठवत. विद्यार्थी उतारा लिहून पाठवी, तो दुरुस्त होऊन परत येई. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये बाहेरच्यांना परीक्षा खुली केली, पण शिकवण्याची जबाबदारी घेतली नाही. दिल्ली विद्यापीठाचे पत्रद्वारा अभ्यासक्रम १९६२ चे. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने (१९६९) छापील पाठ, बीबीसीवरचे कार्यक्रम आणि उत्तरे तपासणारे शिक्षक यांची सांगड घातली. हैदराबादचे मुक्त विद्यापीठ (१९८२) आणि इग्नू (१९८५) त्याच घडणीची.

इग्नूचे प्रादेशिक केंद्र गोव्यातच आहे, हा मोठा फायदा. साधारणपणे ३० टक्के भार स्वाध्यायांना (घरी लिहून जमा करायच्या उत्तरांना), ७० टक्के सत्रांत परीक्षेला. एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. ६४ क्रेडिटच्या एम.ए.ला वर्षाला ३२ क्रेडिट, म्हणजे ९६० तास. आठवड्याला जवळपास १८. वेर्ण्याच्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा आणि पदव्युत्तरसाठी मिळणारी चार वर्षांची कमाल मुदत लक्षात ठेवावी.

परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. हॉटेल-पर्यटनात असाल तर डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम, रजा मिळणे कठीण. वार्षिक पद्धतीच्या अभ्यासक्रमात जुलैला प्रवेश घेतला तर पहिली परीक्षा पुढच्या जूनला येते, जानेवारीला घेतला तर डिसेंबरला. म्हणून अशांनी जुलैच धरावा. सेमिस्टर पद्धतीत ही सोय नाही, तिथे दोन्ही परीक्षा येतातच. डिसेंबरच्या परीक्षेचे स्वाध्याय चतुर्थीच्या आसपास द्यावे लागतात, ते श्रावणातच लिहून ठेवावेत.

गाडी अडते ती बहुधा स्वाध्यायांवर. जुन्या सत्राचे प्रश्न सोडवले तर ते चालत नाहीत. बाजारातल्या गाइडमधून उतरवले तर गुण मिळतीलही, पण परीक्षेआधी लिहिण्याचा जो एकमेव सराव होतो तो बुडतो. जमा केल्याची पोच सांभाळा. गुण गुणपत्रकात चढले नाहीत तर तीच कामी येते. तपासलेले कागद केंद्रावरून मागून घ्या, बरेच जण घेतच नाहीत. दुसरी चूक पुनर्नोंदणीची: पहिल्या वर्षाचे विषय राहिले तरी पुढच्या वर्षाची नोंदणी मुदतीत करावी लागते. ती चुकली की पुढचे सगळे मागे पडते.

नाशिकच्या विद्यापीठाचे (१९८९) बळ मराठी पुस्तकांत आहे. इग्नूच्या बहुतेक विषयांची पुस्तके इंग्रजी-हिंदीतच मिळतात, त्यामुळे मराठीतून विचार करणाऱ्याला नाशिकचा ओढा वाटणे साहजिक आहे. पण राज्य मुक्त विद्यापीठांना दूरस्थ अभ्यासक्रमांची केंद्रे राज्याबाहेर चालवता येत नाहीत. पेडणे किंवा डिचोलीकराला सीमा ओलांडून सिंधुदुर्गात जाणे जमेल. काणकोणवाल्याने हा नाद सोडावा.

ऑनलाइन पदवीला राज्याची सीमा आड येत नाही, आणि मान्यताप्राप्त असेल तर ती नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वचाचणी आणि चर्चा हे चार भाग त्यात असायला हवेत. चर्चा नावापुरती असेल आणि चाचण्या फक्त पर्याय निवडण्याच्या, तर सलग पानभर लिहिण्याची सवय लागत नाही. व्यवस्थापन किंवा संगणकाच्या विषयाला हे एक वेळ चालेल. साहित्य, इतिहास घेणाऱ्याने स्थानिक केंद्र असलेली इग्नूच निवडावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोणतीही वाट धरा, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत नुसते विद्यापीठाचे नाव पाहून थांबू नका. नेमका अभ्यासक्रम आणि प्रवेशाचे सत्र त्यात आहे का ते पाहा. प्रवेशाला आता डेब-आयडी (याच विभागाचा विद्यार्थी ओळख क्रमांक) लागतो आणि तो एबीसी-आयडीला (क्रेडिट जमा होणाऱ्या शैक्षणिक खात्याच्या क्रमांकाला) जोडलेला असतो. आधारवर नावाचे एक स्पेलिंग आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे असेल तर अर्ज तिथेच अडकू शकतो, म्हणून ती दुरुस्ती प्रवेश सुरू होण्याच्या दोन महिने आधी करून घ्या.