लहान मुलांची झोप मोजणाऱ्या प्रश्नावल्या : मराठवाड्यातल्या घरांत कोणती चालते, कोणती फसते

मूल अडीच वर्षांच्या आतलं असेल आणि पालकांना विचारूनच त्याची झोप मोजायची असेल, तर ‘बीआयएसक्यू’ (ब्रीफ इन्फंट स्लीप क्वेश्चनेअर) घ्या. झोपेचे संशोधक अवी सादेह यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेली ही प्रश्नावली छोटी आहे, भरायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि ती फक्त गेल्या आठवड्याचं विचारते. संध्याकाळी ७ ते सकाळी ७ किती झोप, सकाळी ७ ते संध्याकाळी ७ किती, रात्री किती वेळा जाग, एकूण किती वेळ जागं, झोप लागायला किती वेळ, कुठे आणि कसं झोपतं. मूल रात्री तीनपेक्षा जास्त वेळा उठत असेल, रात्री तासाभराहून जास्त जागं राहत असेल किंवा दिवस-रात्र मिळून नऊ तासांहून कमी झोपत असेल, तर पुढे तपासा, असा तिचा निकष आहे.

यातल्या नऊ तासांचा अर्थ अनेक जण उलटा घेतात. नऊ तास झाले म्हणजे झोप पुरेशी झाली, असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या मुलाला डुलक्या धरून ११ ते १४ तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३. नऊ ही दवाखान्यातली चाळणी आहे, तिच्याखाली गेलेलं मूल नक्की बघायचं एवढंच.

आता आपल्याकडे बीआयएसक्यू कुठे अडते ते. रात्रीच्या जागेपणाचा प्रश्न १० ते ६ या वेळेसाठी आहे. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे माळवद किंवा गच्ची थंड होईपर्यंत बऱ्याच घरांत लेकरू झोपत नाही. वाळूजच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीत कामाला असलेला बाप घरी येईपर्यंतही ते जागंच असतं. अशा घरात ‘१० ते ६ किती जागं?’ विचारलं की आई ‘दीड तास’ सांगते आणि धडधाकट मूल ‘त्रास आहे’ या रकान्यात जाऊन बसतं. म्हणून प्रश्न असा वाचा : एकदा झोप लागल्यानंतर, सकाळी उठेपर्यंत, मध्ये किती वेळ जागं होतं? उन्हाळ्यात दुपारची झोप लांबते, रात्रीची आखडते, तेव्हा नुसता रात्रीचा आकडा बघून घाबरू नका. रात्रीचे आठ आणि दुपारचे तीन मिळून अकरा होतात. आणि मे महिन्यातली प्रश्नावली जानेवारीतल्या प्रश्नावलीशी ताडून ‘मुलाची झोप बिघडली’ असं तर अजिबात म्हणू नका.

‘किती तास झोपतं?’ असं थेट विचारलं की उत्तर गोळाबेरीज येतं : आठ, नऊ, दहा. त्याऐवजी घड्याळाची वेळ विचारा आणि वजाबाकी स्वतः करा. काल निजवायला कधी घेतलं, डोळा कधी लागला, सकाळी कधी उठलं, असे तीन वेगळे प्रश्न. पहिल्या दोन वेळांत अर्धा-पाऊण तासाचा फरक सहज असतो, आणि तो धरला नाही तर झोप तेवढी फुगते. घरात घड्याळाकडे बघायची सवय नसेल तर टीव्हीवरची मालिका, नळाला पाणी यायची वेळ, रात्रीची शेवटची एसटी यांचा आधार घ्या. कालपासून मागे जात तीन दिवस विचारा, मग ‘एरवीही असंच का?’ विचारा.

पालक झोपायच्या-उठायच्या वेळा बऱ्यापैकी बरोबर सांगतात. रात्री जाग येण्याबद्दल मात्र त्यांना तेवढंच कळतं जेवढं मूल कळवतं. रडलं, हाक मारली, पाणी मागितलं तर ती जाग मोजली जाते, गुपचूप डोळे उघडून पडून राहिलं तर नाही. आपल्याकडे मूल आईच्या कुशीत असतं, त्यामुळे त्याची साधी चुळबुळही तिला कळते आणि आकडा वाढतो. वेगळ्या खोलीत झोपणाऱ्या मुलांच्या आकड्यांशी तो थेट ताडता येत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईला ‘दूध किती वेळा दिलं’ आणि ‘नीट जागं होऊन पुन्हा झोपवावं लागलं असं किती वेळा’ हे वेगवेगळं विचारा.

बीआयएसक्यूची २०१९ ची सुधारित आवृत्ती शून्य ते शंभर गुण देते. गुण मिळाल्यामुळे ती जास्त शास्त्रीय वाटते, पण तिची मानकं अमेरिकी कुटुंबांवरून ठरलेली आहेत. पालकांच्या वागण्याच्या भागात झोप लागताना आई जवळ असण्याचे गुण कमी होतात. आमच्या मते आपल्याकडे त्या भागाचे गुण काढूच नयेत.

हीच अडचण ‘सीएसएचक्यू’मध्ये (चिल्ड्रन्स स्लीप हॅबिट्स क्वेश्चनेअर) सगळ्यात ठळक दिसते. जुडिथ ओवेन्स आणि सहकाऱ्यांची २००० सालची ही प्रश्नावली चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. गुण ३३ प्रश्नांना, प्रत्येकी एक ते तीन. म्हणजे काहीच त्रास नसलेल्या मुलाचेही ३३ होतात आणि धोक्याची रेघ ४१ वर आहे. आता बीड जिल्ह्यातलं पाच वर्षांचं निरोगी मूल धरा. स्वतःच्या अंथरुणात एकटं झोपी जात नाही : तीन गुण. आई-वडील किंवा भावंडाच्या अंथरुणात झोपतं : तीन. झोप लागताना मोठं माणूस जवळ लागतं : तीन. एकटं झोपायला भितं : तीन. या चार प्रश्नांनी मूळ बेरजेत प्रत्येकी दोन, असे आठ वाढले, ३३ आणि ८, झाले ४१. झोपेत कसलाही दोष नसताना मूल रेघेवर आलं, केवळ सगळे एका वाकळीवर झोपतात म्हणून. एवढ्या आधारावर आईला ‘मुलाला झोपेचा विकार आहे’ सांगणं हा अन्याय आहे.

म्हणून सीएसएचक्यू टाकून द्यावी का? नाही. घोरणं, झोपेत ओरडून उठणं, दिवसाची पेंग यांचे उपविभाग चांगले आहेत, ते सुटे वाचा आणि एकूण बेरजेवर निर्णय घेऊ नका. ‘कारमधून जाताना झोपतं का’ हा प्रश्न बरेच पालक रिकामा सोडतात, आणि रिकामी जागा शून्य धरली गेली की बेरीज खोटी कमी होते. तिथे एसटी किंवा जीप विचारा. उत्तर ‘नेहमी’ म्हणजे आठवड्यात पाच ते सात वेळा, ‘कधी कधी’ म्हणजे दोन ते चार, ‘क्वचित’ म्हणजे शून्य किंवा एक, हे दर प्रश्नाला बोलून दाखवा. नुसतं ‘कधी कधी’ म्हटलं तर महिन्यातून एकदाचंही त्यात येतं.

उत्तर कोण देतंय, यावर निम्मं काम अवलंबून आहे. मूल आज्जीजवळ झोपत असेल तर आज्जीला विचारा. सासूसमोर सून ‘लेकरू त्रास देत नाही’ एवढंच म्हणेल, तेव्हा आईशी बाजूला बोला. अंगणवाडीत झोपणाऱ्या मुलाची दुपारची झोप आईला माहीत नसते, ती सेविकेकडूनच कळते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात आई-बाप पहाटेच फडावर जातात. मूल कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, मोठ्या बहिणीजवळ असेल तर उठण्याची वेळ तिलाच ठाऊक.

प्रश्नावलीला जोड हवी असेल तर सात दिवसांची झोप-डायरी द्या. एका ओळीत २४ तासांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन, झोपेचे पेन्सिलने रंगवायचे. ओळ दुपारी १२ पासून सुरू करा, म्हणजे रात्र मध्ये तुटत नाही. रोज सकाळी भरायची, आठवड्याच्या शेवटी एकदम भरलेली डायरी लगेच ओळखू येते, सगळ्या ओळी सारख्याच असतात. हालचाल मोजणारं घड्याळ, म्हणजे ॲक्टिग्राफ, बाळाच्या घोट्याला बांधतात. त्याच्याकडून किमान पाच रात्रींची नीट नोंद मिळायला हवी. पण झोळी हलवली की ते झोपलेल्या बाळालाही जागं समजतं, त्यामुळे झोका कधी दिला ते डायरीत लिहावंच लागतं.

घोरण्यासाठी वेगळी ‘पीएसक्यू’ (पेडियाट्रिक स्लीप क्वेश्चनेअर) आहे, रोनाल्ड चर्विन यांची, २००० सालची. २२ प्रश्न, हो-नाही-माहीत नाही, दोन ते अठरा वर्षांसाठी. ‘हो’चं प्रमाण ०.३३ च्या वर गेलं, म्हणजे सगळी उत्तरं मिळाली असतील तर आठ किंवा जास्त ‘हो’ आले, की पुढची तपासणी. ‘माहीत नाही’ची उत्तरं भागाकारातून वगळा. अंथरूण कुठे आहे यावर हिचे गुण ठरत नाहीत, म्हणून आपल्याकडे ती जशीच्या तशी वापरायला हरकत नाही. मूल बहुतेक रात्री घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल किंवा मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटत असेल, तर बेरजेची वाट न बघता छाती आणि तोंड दोन्ही दिसतील असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर, आवाजासकट घ्या आणि तो घेऊन बालरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.